महाराष्ट्रातील सार्वजनिक व सांस्कृतिक जीवन, १९३२

महाराष्ट्रातील सार्वजनिक व सांस्कृतिक जीवन, १९३२ : दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातील महाराष्ट्राच्या जीवनातील एक निर्णायक वर्ष. मराठी बोलपटाचा उदय, ‘सकाळ’ दैनिकाचा प्रारंभ, कोल्हापूरचे साहित्य संमेलन आणि पुणे करार या घटना एकाच वर्षात घडल्याने सांस्कृतिक इतिहासकार या वर्षाचे वर्णन ‘संक्रमणाचे वर्ष’ असे करतात. हे वर्णन खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. या वर्षी साधने नवी झाली, आशय मात्र बहुतांशी जुनाच राहिला. वर्षातील सर्वांत गंभीर प्रश्नाची दखल ललित वाङ्मयाने व रंगभूमीने फार उशिरा घेतली.

राजकीय घटना : गोलमेज परिषदेहून परतलेल्या महात्मा गांधींना ४ जानेवारी १९३२ रोजी मुंबईत अटक होऊन येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले व सविनय कायदेभंगाचे दुसरे पर्व सुरू झाले. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांचा जातीय निवाडा प्रसिद्ध झाला. त्यात अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्यात उपोषण आरंभले. २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारान्वये स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा मान्य झाल्या. प्रांतिक कायदेमंडळांतील या जागा ७१ वरून १४८ झाल्या व मुंबई इलाख्याच्या वाट्याला सिंधसह १५ जागा आल्या. प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडावेत व त्यांतून एकाची निवड सर्व मतदारांनी करावी, अशी योजना होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मदनमोहन मालवीय, तेजबहादुर सप्रू, मुकुंदराव जयकर यांच्याबरोबर ख्यातनाम गोलंदाज पाळवणकर बाळू यांचाही वाटाघाटींत सहभाग होता.

जागांची संख्या दुपटीहून अधिक वाढली, हा कराराचा लाभ होय. तथापि अंतिम निवडीचा अधिकार बहुसंख्याकांच्या हाती गेला, ही त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे. आंबेडकरांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात या कराराची कठोर चिकित्सा केली आहे. कराराचे वर्णन केवळ ‘समेट’ असे करणारे लेखन ही बाजू झाकून ठेवते.

बोलपट : ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर वर्षाच्या आत, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट मुंबईत आला. त्याचे दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे असून प्रमुख भूमिका गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या होत्या. सुशिक्षित व प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने पडद्यावर येणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. त्याच वर्षी भालजी पेंढारकरांचा ‘श्यामसुंदर’ हाही लोकप्रिय ठरला.

तंत्राच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. विषय मात्र दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये हाताळलेल्या हरिश्चंद्रकथेचाच होता. या कथेत सत्यवचनी राजाच्या अधःपाताची परिसीमा म्हणजे त्याने स्मशानात डोंबाचे दास्य पत्करणे होय. राजाचे दुःख प्रेक्षकाला हेलावून सोडते. ज्या डोंबाचे जिणे हीच दुःखाची शेवटची पायरी मानली गेली, त्याच्या दुःखाकडे कथा पाहत नाही. पुणे कराराच्या वर्षी हाच आशय नव्या यंत्राच्या मुखाने बोलू लागला, ही विसंगती नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. प्रभातने पुढे ‘कुंकू’ (१९३७) व ‘माणूस’ (१९३९) यांसारखे सामाजिक बोलपट काढले. यावरून हा दोष माध्यमाचा नव्हे, तर त्या घटकेच्या अभिरुचीचा होता, हे स्पष्ट होते.

वृत्तपत्रे : १ जानेवारी १९३२ रोजी ना. भि. परुळेकर यांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केले. पुण्याला दैनिक नवे नव्हते. ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ पासून दैनिक स्वरूपात निघत होते. परंतु परुळेकरांनी अमेरिकेतील शिक्षणातून घेतलेली दृष्टी वेगळी होती. मतापेक्षा वार्तेला, अग्रलेखापेक्षा गावोगावच्या वार्ताहराला त्यांनी महत्त्व दिले. ‘केसरी’च्या परंपरेत वाचक हा उपदेशाचा विषय होता; येथे तो माहितीचा ग्राहक झाला. २४ नोव्हेंबर १९३० पासून निघणारे आंबेडकरांचे ‘जनता’ हे पत्र मात्र वाङ्मयेतिहासाच्या पानांत दीर्घकाळ उपेक्षित राहिले. त्यातील गद्य विचाराने व आवेगाने समृद्ध असूनही त्याची गणना ‘चळवळीचे लेखन’ म्हणून बाजूला करण्यात आली.

साहित्य व तुरुंग : १९३२ चे मराठी साहित्य संमेलन कोल्हापुरात भरले व सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. संस्थानिकांचा आश्रय व विद्वानांचा मेळ हे त्या काळच्या संमेलनांचे स्वरूप येथेही दिसते. त्या वर्षीचे सर्वांत टिकाऊ मराठी गद्य मात्र संमेलनाच्या मांडवाबाहेर, धुळ्याच्या तुरुंगात निर्माण झाले. फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबा भावे यांनी सहबंद्यांसमोर गीतेवर अठरा प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ या ग्रंथातील साधी, बोलती मराठी ही त्या श्रोतृवर्गाची देणगी होय. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तुरुंग व वाङ्मय यांचा असा संबंध वेल्समध्येही आढळतो. तेथे १९३६ मध्ये वैमानिक प्रशिक्षण केंद्राला आग लावल्याबद्दल सॉन्डर्स ल्यूइस व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. मात्र तेथे प्रश्न मुख्यतः भाषेच्या अस्तित्वाचा होता, तर महाराष्ट्रात तो समाजातील स्थानाचा होता.

ग्रामीण भाग : शहरांतील या घडामोडींचा ग्रामीण महाराष्ट्राशी असलेला संबंध बारामती व इंदापूर या तालुक्यांवरून उमगतो. जातीय निवाडा व उपोषण यांच्या दरम्यान भाद्रपद आला. मोरगाव (ता. बारामती) येथे चिंचवडहून मंगलमूर्तीची पालखी भाद्रपद व माघ महिन्यांत येते. मोरया गोसावींच्या परंपरेतील ही यात्रा म्हणजे वृत्तपत्रे व बोलपट यांपूर्वीचे लोकांना एकत्र आणणारे साधन होय. मात्र एकत्र जमणे व समान हक्काने जमणे या भिन्न गोष्टी आहेत. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० पासून चाललेल्या सत्याग्रहाने हाच भेद उघड केला होता. त्याच वर्षी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरील ऊस व इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी उभारलेले वालचंदनगर यांना त्यामुळे बळ मिळाले. कऱ्हेकाठचे मोरगाव मात्र जिरायती पट्ट्यातच राहिले. बागायत व जिरायत यांतील अंतर त्यानंतर वाढत गेले. मराठी ग्रामीण साहित्याने त्याचे चित्रण पुढील पिढीत केले.

मूल्यमापन : १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरचे ‘आंधळ्यांची शाळा’, विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ व श्री. म. माटे यांचे ‘अस्पृष्टांचा प्रश्न’ ही निर्मिती पुढे आली. आधुनिक आशयाचा खरा आरंभ त्या वर्षात दिसतो. परंतु त्यांतील स्त्रीप्रश्न व अस्पृश्यताविचार मध्यमवर्गीय लेखणीतून आला होता. ज्यांच्या प्रतिनिधित्वासाठी १९३२ मध्ये येरवड्यात वाटाघाटी झाल्या, त्यांची स्वतःची वाणी ललित वाङ्मयात ठळकपणे उमटण्यास अण्णाभाऊ साठे यांचा ‘फकिरा’ (१९५९) व बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) येईपर्यंत वाट पाहावी लागली. कायदेमंडळात जागा मिळाल्यानंतर वाङ्मयात जागा मिळण्यास सुमारे तीन दशके लागली, हे त्या वर्षाच्या सांस्कृतिक जीवनाचे सर्वांत मोठे उणेपण मानावे लागेल.