मुळशी खोऱ्याचा जुना इंची नकाशा : एक परीक्षण

मुळशी येथील टाटांचें धरण १९२७ सालीं पुरें झालें व निळा-मुळेचें खोरें जलमय झालें. त्यापूर्वींच्या मोजणीवरून एका इंचास एक मैल या मानानें सर्व्हे ऑफ इंडियानें काढलेलीं पत्रकें आतां दप्तरांच्या जोडीनें संग्रहीं ठेविलीं जातात, तें योग्यच आहे. आजच्या नकाशांत जेथें केवळ निळा रंग आहे, तेथें त्यांत गांवें, ओढे व पायवाटा आहेत. परंतु एवढ्यावरून तीं मुळशी सत्याग्रहाचा पुरावा होत, असें जें म्हटलें जातें तें आम्हांस मान्य नाहीं.

भूमीच्या ठेवणीविषयीं त्यांची साक्ष उत्तम आहे. नांवांविषयीं तितकी नाहीं. रोमन लिपींत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांचा भेद राहत नाहीं. खुद्द मुळशीचा ळदेखील तींत उरत नाहीं. यास्तव बुडालेल्या गांवांचीं नांवें मराठी महसुली कागदांशीं व विनायकराव भुस्कुटे यांच्या ‘मुळशी सत्याग्रह’ या ग्रंथाशीं ताडून मगच स्वीकारावीं.

जमीन कोणाची, या मुख्य प्रश्नीं मात्र नकाशा सर्वस्वी मुका आहे. १९२१ च्या रामनवमीस मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ते कसणारे, पुष्कळ जमिनींचे मालक व सावकार पुण्यांत राहणारे. मोबदल्याच्या प्रश्नावर या दोहोंचे मार्ग निराळे झाले, आणि सेनापति बापटांच्या चळवळीस त्याचा मोठा धक्का बसला. नकाशावरील गांवाच्या खुणेंत सावकारही नाहीं व कूळही नाहीं. ती उणीव खातेवहीनेंच भरून काढिली पाहिजे.

पत्रकाच्या समासांत मोजणीचें साल व छपाईचें साल निरनिराळें दिलेलें असतें. पोथीच्या पुष्पिकेंत रचनाकाल व लेखनकाल यांची गल्लत न करणारे आपले संग्राहक येथें मात्र छपाईच्या सालावरून निर्णय देतात. कित्येक तर चौकटींत बसविण्यासाठीं समासच कापून टाकितात! पोथीचें शेवटचें पान कोणी असें फाडील काय?

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. हीं पत्रकें पंधरा-पंधरा कलांचीं आहेत, आणि ७३ अंश ३० कलांचा रेखांश धरणाच्या अगदीं जवळून जातो. त्यामुळें बांधाची जागा एका पत्रकावर व बुडालेलें बहुतेक खोरें पश्चिमेकडील शेजारच्या पत्रकावर पडतें. घ्यावयाचीं तर दोन्हीं घ्यावीं, आणि समासासकट.