अनुमोदन

पाप तीन वाटांनी लागतं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. स्वतः केलं तर, दुसऱ्याकडून करवून घेतलं तर, आणि कुणी केलेलं पाहून मनात ‘बरं झालं’ म्हटलं तर. कृत, कारित आणि अनुमोदन. जपमाळेत १०८ मणी का, याचा हिशेबही आजीने बोटांवर करून दाखवला होता. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. त्यांना मन, वचन, काया यांनी गुणायचं, मग कृत, कारित, अनुमोदन यांनी, आणि शेवटी क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांनी. म्हणजे १०८ पैकी ३६ मणी नुसत्या अनुमोदनाचे झाले. पहिल्या दोन वाटांवर आपण गृहिणी बऱ्याच जपून चालतो. पाणी गाळतो, सूर्यास्ताआधी जेवतो, भाजी निवडताना डोळ्यांत तेल घालून बघतो. तिसऱ्या वाटेकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. ते पाहायला लावलं टीव्हीवरच्या एका मारामारीने.

मारामारीच म्हणते. तिचं नाव मिक्स्ड मार्शल आर्ट्स, मुलं ‘एमएमए’ म्हणतात. आठ कोनांचा जाळीचा पिंजरा, त्यात दोघं, आणि बॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, किकबॉक्सिंग सगळं एकत्र. यूएफसी ही त्यातली सर्वांत मोठी अमेरिकन संस्था. तिकडे शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ. त्यामुळे २०१५ साली आमच्या बेळगावच्या घरात रविवारी पोह्यांच्या वेळेला हा पिंजरा उघडायचा. मुलगा तेव्हा कॉलेजात होता. मी आधी चिडायचे. “अरे, सकाळी सकाळी हे काय रक्तबंबाळ लावलंयस?” एकदा तो म्हणाला, “आई, आज बायकांची लढत आहे, ये तरी.” मी पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरून बाहेर आले, तोवर लढत संपली होती. १४ सेकंद. रोंडा राउझीने समोरच्या मुलीचा हात असा पिळून धरला होता की तिने हार मानली.

पुढच्या वेळी मी पोहे आधीच करून ठेवले.

माणूस असल्या खेळात कसा अडकतो आणि त्यातून कसा सुटतो, हे मला सांगायचंय. माझा अनुभव छोटाच आहे. पण या खेळाचा इतिहास जरा चाळला तेव्हा दिसलं, की आपण काही जगावेगळं केलेलं नाही.

१९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पहिली स्पर्धा झाली, तेव्हा लोक एक प्रश्न घेऊन आले होते. सुमोवाला आणि बॉक्सर भिडले तर कोण जिंकेल? कराटेवाला आणि कुस्तीवाला? आपल्याकडेही पोरं पारावर बसून असले वाद घालतातच. उत्तर दिलं रॉयस ग्रेसी नावाच्या एका सडपातळ ब्राझिलियन माणसाने. त्याने एका रात्रीत तिघांना जमिनीवर नेऊन हार मानायला लावली. पहिल्या चारपैकी तीन स्पर्धा त्यानेच जिंकल्या. उत्तर मिळालं आणि कुतूहल हळूहळू निवत गेलं. त्यातच सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हणून तो बंद पाडा असा तगादा लावला. केबलवाल्यांनी पाठ फिरवली. २००१ साली ही संस्था अवघ्या २० लाख डॉलरला विकली गेली.

तिला परत वर काढलं ते २००५ मधल्या टीव्हीवरच्या एका मालिकेने. तरुण लढवय्यांना एका घरात ठेवायचं, ते कसे खातात, भांडतात, रडतात ते दाखवायचं आणि मग आपसात लढवायचं. मालिकेच्या शेवटी फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बोनर यांची जी लढत झाली, तिच्यापासून या खेळाचे नवे दिवस सुरू झाले असं सगळे मानतात. नियम तर आधीच सुधारले होते, पण नुसत्या नियमांनी लोक आले नव्हते. ते आले ओळख झाल्यावर. हा कुणाचा कोण, याच्या घरी काय, याला कशाचं दुःख, हे कळलं की त्याला बसलेला ठोसा आपल्याला लागतो. आपण सासू-सुनांच्या मालिका बघतो त्या याच वाटेने. २०१६ मध्ये तीच संस्था सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली. ही किंमत ठोशांची नव्हती, त्या ओळखीची होती.

माझीही रोंडाशी ओळख झाली. तिची आई अॅनमरिया ज्युदोतली जगज्जेती, १९८४ सालची. असा किताब मिळवणारी पहिली अमेरिकन. मुलगी लहानपणी उशिरा बोलायला लागलेली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने ज्युदोचं कांस्यपदक घेतलं. यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट २०११ मध्ये सांगत होते की आमच्या पिंजऱ्यात बायका कधीच लढणार नाहीत. दोन वर्षांत, २०१३ च्या फेब्रुवारीत, रोंडा त्याच पिंजऱ्यात मुख्य लढत लढली. हे कळल्यावर कुठल्या बाईला ती आवडणार नाही? ज्या घरात मुलीला ‘हळू बोल, हळू चाल’ सांगण्यात निम्मं आयुष्य जातं, तिथे मी वाढले. ती दणादण चालत पिंजऱ्याकडे निघाली की माझाच पदर खोचला जायचा. समोरच्या बाईचा हात पिळला जात असताना मी “हां, धर, सोडू नको!” असं ओरडले आहे. मुलगा साक्षीला आहे.

समोरच्या बाईलाही आई असेल, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

मग १५ नोव्हेंबर २०१५. मेलबर्नला ५६,००० वर माणसं जमली होती. दुसऱ्या फेरीत हॉली होल्मची लाथ रोंडाच्या मानेवर बसली आणि ती कोसळली. पुढच्या दोन दिवसांत जे झालं ते मला त्या लाथेपेक्षा भयंकर वाटतं. काल तिला देवी म्हणणारे आज तिच्या सुजलेल्या तोंडाची चित्रं एकमेकांना पाठवून हसत होते. ती गर्विष्ठच होती, तिला काही येतच नव्हतं, असं छातीठोकपणे सांगत होते. काही महिन्यांनी एका मुलाखतीत तिने सांगितलं, की हरल्यावर वैद्यकीय खोलीत बसलेली असताना जीव द्यावा असं तिच्या मनात आलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये ती परत आली. अमांडा न्यूनेसने तिला ४८ सेकंदांत हरवलं.

मी काय केलं? मी हसले नाही, चित्रं पाठवली नाहीत. मी फक्त बघणं सोडलं. रविवारी सकाळी दुसरी कामं काढली. आणि महिला मंडळात विषय निघाला तेव्हा म्हणाले, “हिंसा बघवत नाही हो, म्हणून सोडून दिलं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. एक काकू म्हणाल्या, “संस्कार शेवटी कामाला येतात.” मी तो मान घेतला आणि गप्प बसले.

ते खोटं होतं. हिंसा तर मी वर्षभर पोह्यांबरोबर बघितली होती. मी सोडलं, कारण माझं माणूस हरलं.

चाहते निघून जाताना जी कारणं सांगतात, ती मी तेव्हापासून जरा संशयाने ऐकते. लढती फार झाल्या, जवळजवळ दर आठवड्याला असतात, कोण कोणाशी लढतोय कळेनासं झालं, असं काही जण म्हणतात. ते खरंच आहे. काही जण म्हणायचे, एकेका कार्यक्रमाला वेगळे पैसे मोजायचे कुठवर? तेही खरं होतं. जमिनीवर दोघं एकमेकांना धरून पडले की कंटाळा येतो, पंच भलताच निकाल देतात, हेही आहे. पण ही सगळी कारणं आपलं माणूस जिंकत असतं तेव्हाही असतात, तेव्हा ती टोचत नाहीत. माझ्या मुलाचं तसंच झालं. त्याचा नायक आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर. २०१८ च्या ऑक्टोबरात दागेस्तानच्या खबीबने त्याला हरवलं, त्यानंतर मुलाला अचानक ‘या खेळात आता पैसाच उरलाय’ असा साक्षात्कार झाला. पैसा आदल्या दिवशीही होताच की!

खेळच आवडत असता तर आम्ही अमांडा न्यूनेसला डोक्यावर घ्यायला हवं होतं. तिने रोंडाला हरवलं, २०१८ च्या शेवटी क्रिस सायबॉर्गला ५१ सेकंदांत हरवलं, दोन वजनगटांची एकाच वेळी विजेती झाली. बायकांमधली आजवरची सर्वश्रेष्ठ म्हणून जाणकार तिचं नाव घेतात. पण रोंडाला मिळाला तसा प्रेक्षक तिला मिळाला नाही. तिची कला मोठी होती, ओळख झाली नव्हती. ओळख घडवून द्यायची ती धंदेवाल्यांनी, आणि तिच्या बाबतीत त्यांचंही मन लागलेलं दिसत नाही.

इथे मला आमच्या भागातली कुस्ती आठवते. आमच्याच जिल्ह्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. जैन घरांतूनही तालमीत जाणारी मुलं पुष्कळ. जत्रेच्या मैदानात हलगी वाजायची, वडीलधारे फेटा सावरत उठून उभे राहायचे. आपल्या गावचा गडी चितपट झाला तर शिव्याही घालायचे. पण दुसऱ्या दिवशी तो त्याच गल्लीतून जायचा, त्याच वस्तादापुढे लंगोट कसायचा आणि त्याला दूध त्याच घरांतून जायचं. त्याला टाकून द्यायची सोयच नव्हती, कारण तो आधी कुणाचा तरी मुलगा होता आणि मग पैलवान. कुस्तीचं मला फार गोड चित्र रंगवायचं नाही. तिचेही प्रेक्षक आटले आणि तिच्यातही पैसा शिरला. पण पडद्यावरच्या माणसाला आपण जसं सहज पुसून टाकतो, तसं मैदानातल्या माणसाला पुसता येत नव्हतं.

माझा मुलगा म्हणतो, “आई, ते स्वखुशीने लढतात, पैसे घेतात. आपण नुसतं बघतो. आपला काय संबंध?” मंडळातल्या बायका म्हणतात, “टीव्ही बंद केला की झालं.” दोघांची उत्तरं उलटी, पण सुटका दोघांनाही स्वस्तात हवी आहे. मुलाला अनुमोदनाचे ३६ मणी मोजायचेच नाहीत. आणि बायकांना वाटतं, बटण दाबलं की ते गळून पडले. जी आवड रागातून, म्हणजे आपल्या शास्त्रातल्या रागातून, आसक्तीतून आली, ती द्वेषातून गेली तर त्यात निर्जरा कसली? आधी टाळी वाजवून मी त्या मारात वाटा घेतला. मग ती हरल्यावर तोंड फिरवून दुसऱ्यांदा घेतला. माझ्यासारख्या लाखोंनी तोंड फिरवलं, त्याचं ओझं त्या एकटीच्या मानेवर पडलं.

आपल्याकडे एक जुनी लढत आहे. भरत आणि बाहुबली. दोन्हीकडे सैन्यं उभी होती. मंत्र्यांनी म्हटलं, हजारो जीव कशाला घालवायचे, तुम्ही दोघांनीच लढा. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्ही प्रकार एकाच दिवशी, म्हणजे मिश्रच म्हणायचं. तिन्हींत बाहुबली जिंकला. चिडून भरताने चक्र सोडलं, ते बाहुबलीला प्रदक्षिणा घालून शांत झालं. आणि जिंकलेला माणूस राज्य टाकून वनात निघून गेला. कुंभोजच्या डोंगरावर किंवा श्रवणबेळगोळला हात जोडताना मी आजवर फक्त बाहुबलीकडे बघत आले. आता त्या दोन सैन्यांचा विचार येतो. जयजयकार करणारे ते हजारो लोक संध्याकाळी घरी जाताना काय बोलले असतील? हरलेल्या भरताला हसले असतील का? कथा त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. पण आपण सगळे त्या सैन्यांतलेच आहोत.

जून २०२४ मध्ये एका रविवारी मुलाचा पुण्याहून फोन आला. “आई, पूजा तोमर जिंकली! यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई.” मुजफ्फरनगरकडची मुलगी. तीनपैकी दोन पंचांनी तिच्या बाजूने कौल दिला होता. मी बघितलं, नाही म्हणत नाही. आनंदही झाला. मग मार्च २०२५ मध्ये लंडनला ती हरली, दुसऱ्या फेरीत. समोरच्या मुलीने तिचा हात पिळून धरला आणि तिने हार मानली. रोंडाचा तोच डाव. दहा वर्षांपूर्वी ज्या डावावर मी ओरडले होते, तो आता दुसऱ्या बाजूने बघत होते.

या वेळी मुलाचा फोन आला नाही. मीच केला. म्हटलं, “पूजाची पुढची लढत कधी आहे?” तो जरा थांबला. म्हणाला, “आई, ती हरली गं.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “म्हणूनच विचारतेय.”

पुढची लढत मी बघेन की नाही, मला खरंच सांगता येत नाही. नाही बघितली तर या वेळी मंडळात खरं कारण सांगायचं, एवढं ठरवलंय.