फिनिश दिसतो, खेळ दिसत नाही

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. पाठ टेकलीच नव्हती, असं राक्षेचं म्हणणं. चिडून त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर ३ वर्षांची बंदी आली. नंतर कितीतरी दिवस आमच्याकडची पोरं मोबाईलवर तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होती. दोन्ही खांदे टेकले होते का?

त्याच मोबाईलवर रात्री बीजीएमआयच्या स्पर्धेचा स्ट्रीम चालतो. मीही बघतो. पण ‘खांदा टेकला का’ या जातीचा प्रश्न तिथल्या चॅटमध्ये क्वचित दिसतो. तिथे भांडण असतं सोल मोठी की गॉडलाइक. आपली टीम हरली, की खेळाडूच्या घरच्यांना शिव्या. ‘फॅन टॉक्सिक आहेत’ म्हणून आपण मोकळे होतो. ते असे का झाले, हे कोणी विचारत नाही.

एक कारण इतिहासात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परतला. ‘किल’चं ‘फिनिश’ झालं, रक्त हिरवं झालं. वर्षभरात, जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. खेळ दोनदा गेला, स्ट्रीमर मात्र रोज लाइव्ह होते. मुंबईच्या मॉर्टलच्या एसएटयूएलने लास वेगासला ‘कंटेंट ग्रुप ऑफ द इयर’चा पुरस्कार जिंकला तो डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे खेळ स्टोअरवर नसताना. पोरांनी खेळावर जीव लावला असता तर पोरकी झाली असती. त्यांनी माणसांवर लावला.

दुसरं कारण कॅमेऱ्यात आहे. कुस्तीत आखाडा एक, पैलवान दोन. इथे १६ टीम, ६४ खेळाडू, मैलभर पसरलेला नकाशा आणि आपल्यासमोर एका वेळी एकाचीच स्क्रीन. ऑब्झर्व्हर साहजिकच गोळीबार होतोय तिकडे पळतो. पण गुणांचं गणित वेगळं आहे. फिनिशला १ गुण, शेवटपर्यंत टिकणाऱ्या टीमला १०, दुसरीला ६. एकही गोळी न झाडता झोनच्या कडेने योग्य घरात शिरणं हा इथला मोठा डाव आहे. तो ठरवतो आयजीएल, आणि नेमकं तेच पडद्यावर येत नाही. डावच दिसला नाही, तर दाद कशाला द्यायची? मग नावाला दिली जाते.

कुस्तीचे प्रेक्षक फार सभ्य असतात असं नाही. त्या दिवशीचा राडा सगळ्यांनी पाहिला. पण जत्रेच्या फडात हरलेल्या पैलवानाने एखादी पकड जिवावर उदार होऊन सोडवली, तर त्यालाही टाळी मिळते, कुणीतरी पुढे येऊन हातावर नोट ठेवतं. कारण ती पकड सगळ्यांनी पाहिलेली असते. चांगलं हरण्यासाठी आपल्या चॅटमध्ये शब्दच नाही.

याचा तोटा त्या तालुक्याच्या पोराला होतो, जो दहा हजारांच्या फोनवर सराव करत ‘प्रो’ व्हायचं म्हणतो. तो जे बघतो तेच शिकतो: उतर, रश कर, फिनिश घे. मग लॉबीत सोळावा येतो आणि समजतो की आपलं नेट स्लो आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ती सरकारकडून मिळाली. प्रेक्षकांकडून मिळायची आहे. आयोजकांनी प्रत्येक मॅचनंतर पाच मिनिटं नकाशा उघडून कोणती टीम कुठून का गेली, हे दाखवलं तरी सुरुवात होईल. तोवर आपण एक करू शकतो. पुढच्या फायनलला चॅट बंद करा, आणि कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर अजून एकही गोळी न झाडलेली टीम शोधा.