चित्रपटाने पळविलेला कवी?

नारपोलीत यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू असते. तरी रामनवमीच्या सुमारास एखाद्या खिडकीतून ‘गीतरामायणा’चे सूर तीतूनही कानी येतात. परवा ते ऐकता ऐकता आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी सुस्कारा टाकला, “माडगूळकर चित्रपटात शिरले नसते, तर!” या ‘तर’विषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

ग. दि. माडगूळकर (1919-1977) हे माणदेशातील शेटफळ्याचे. 1938 च्या ‘ब्रह्मचारी’त त्यांनी लहानशी भूमिका केली, पुढे गीते, संवाद, पटकथा असे सर्वच त्यांच्या अंगावर येऊन पडले. ‘पेडगावचे शहाणे’ (1952) आजही पाहवते, हे काही थोडे नव्हे.

परंतु आमचे लक्ष वेधते ते शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’कडे (1957). सहा खुनी कैदी आणि त्यांना मोकळ्या शेतावर नेणारा तुरुंगाधिकारी, एवढीच कथा. तिचे मूळ औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या मुक्त वसाहतीत आहे. ही वसाहत आटपाडीजवळची, म्हणजे कवीच्या गावच्याच परिसरातली! बर्लिनला 1958 मध्ये रौप्य अस्वल आणि पुढच्याच वर्षी हॉलिवूडच्या विदेशी पत्रकारांचे पारितोषिक मिळविणारी ही कथा माणदेशच्या कोरड्या मातीतून उगवली. गंमत अशी की, यातील गीते भरत व्यासांची आहेत. माडगूळकरांनी येथे पद्याची एक ओळही न लिहिता काव्य केले, असे आमचे मत आहे.

तोटा झालाच नाही, असे नव्हे. चाल आणि प्रसंग यांच्या मापाने बेतलेल्या त्यांच्या पुष्कळ गीतांत तोच चंद्र, तीच फुले पुनःपुन्हा भेटतात.

तथापि 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडा आलेली ती 56 गीते पाहा. दशरथ, भरत, शूर्पणखा, कुंभकर्ण – प्रत्येक जण आपापल्या तोंडाने बोलतो. कोण, कोणापाशी, कोणत्या घटकेला बोलत आहे, हे पहिल्या चरणातच कळते. ही विद्या काव्यसंग्रह चाळून येत नाही. ती पटकथा लिहिणाऱ्याची आहे. ठरल्या वेळी लेखणी चालविण्याची सवयही स्टुडिओचीच.

स्नेह्यांस हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आणि ‘जोगिया’सारखी आणखी पुस्तके?”

त्यावर मात्र आम्हांस उत्तर सुचले नाही.