समाज नावाचे देणे

रोबेर्तो एस्पोझितो यांचे 'कॉम्युनितास' हे पुस्तक इटालियनमध्ये १९९८ साली आले. मी ते इंग्रजी अनुवादातून वाचले आणि सुरुवातीलाच अडखळलो, तो 'मुनुस' या एका लॅटिन शब्दापाशी. समाजवाचक 'कॉम्युनितास' हा शब्द त्यापासूनच झालेला. बेनव्हेनिस्त आणि मोस यांचा आधार घेत एस्पोझितो दाखवतात की 'मुनुस'ला ओझे, पदाचे कर्तव्य आणि देणगी असे तिन्ही अर्थ आहेत. देणगीही अशी, की जी दिल्यावाचून सुटका नाही. इंग्रजी अनुवादकाला हे सांगताना बरीच वाक्ये खर्चावी लागली. मराठीत एका शब्दात भागते. गोड गळा हे देवाचे 'देणे' असते आणि वाण्याकडची थकबाकी हेही 'देणे'च.

एकदा हा शब्द हाती आला की एस्पोझितोंचा मुद्दा सरळ होतो. एरवी आपण समाज म्हणतो तेव्हा आपल्या सर्वांकडे काहीतरी सारखे 'आहे' असे गृहीत धरतो : भाषा, भूमी, रक्त, धर्म. एस्पोझितो म्हणतात, माणसे बांधली जातात ती सामाईक मालमत्तेने नव्हे, सामाईक देण्याने. समाजात असणे म्हणजे आपण पुरते आपले नसणे. याच्या उलट 'इम्युनितास'. रोमन कायद्यात हा शब्द कर आणि सार्वजनिक कर्तव्ये यांतून मिळणाऱ्या सुटीसाठी होता. 'रोगप्रतिकारशक्ती' म्हटले की ही बाजू हरवते. सारा माफ असलेली इनाम जमीन आठवली तर चटकन उमगते.

पुस्तकाच्या पाच प्रकरणांपैकी हॉब्जवरचे पहिले मला सर्वांत दमदार वाटले. (हायडेगरवरचे जड आहे, मी ते दोनदा वाचले, दुसऱ्यांदा केवळ हट्टाने.) हॉब्जची माणसे एकमेकांच्या भीतीने सगळे हक्क राजसत्तेच्या स्वाधीन करतात. जीव वाचतो, पण परस्परांमधले देणे-घेणे तुटते. प्रत्येक जण सुरक्षित आणि प्रत्येक जण एकटा. आधुनिक राज्यसंस्थेचा पाया म्हणजे ही सरसकट सारामाफी, असे या वाचनातून निघते.

हे हवेतले चिंतन नाही. पुस्तकाच्या दोनच वर्षे आधी, १९९६ मध्ये, उत्तर इटलीतील 'लेगा नोर्द' या पक्षाचे नेते उंबेर्तो बोस्सी यांनी व्हेनिसमध्ये 'पादानिया'च्या स्वातंत्र्याची घोषणा केली होती. उत्तरेचा कर रोमने का खावा, दक्षिणेवर का उधळावा, ही त्या पक्षाची जुनी तक्रार. समाजाचे नाव घेऊन देणे नाकारण्याचा याहून उघड नमुना मिळणार नाही. एस्पोझितो त्याच दक्षिणेचे, नेपल्स परिसरातले.

त्यांच्या विचाराची खरी कसोटी मात्र २०२०च्या फेब्रुवारीत लागली. साथीचे निर्बंध म्हणजे अकारण लादलेली अपवादात्मक स्थिती, असे जोर्जो आगाम्बेन यांनी लिहिले. त्यावर जाँ-ल्यूक नान्सी यांनी एक आठवण सांगितली : तीसएक वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हृदयारोपण सुचवले तेव्हा, त्यांचे ऐकू नकोस, असे म्हणणाऱ्या मोजक्या लोकांत आगाम्बेन होते, तो सल्ला मानला असता तर मी फार आधीच गेलो असतो. एस्पोझितोही त्या वादात उतरले. इटलीत दिसते आहे ती हुकूमशाहीची पकड कमी आणि सरकारी यंत्रणांची मोडतोड अधिक, असे त्यांचे मत. मला हा संयम आगाम्बेनच्या गर्जनेपेक्षा मोलाचा वाटतो, आणि तो ऐनवेळी सुचलेला नव्हता. संरक्षणावाचून जीवन टिकत नाही, पण अतिरेक झाला की ते स्वतःच्याच देहावर उलटते, हे २००२च्या 'इम्युनितास'मध्ये त्यांनी मांडले होते. त्याच पुस्तकाच्या अखेरीस गर्भारपणाचे उदाहरण येते : अर्धा परका असलेला गर्भ आईचे शरीर फेकून देत नाही, सांभाळते. अख्ख्या ग्रंथत्रयीत याहून सुंदर पाने मला आढळली नाहीत.

तरी एक गोष्ट मला छळते. 'मुनुस'चा आणखी एक अर्थ रोममध्ये रूढ होता, ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा खेळ. इ.स.पू. २६४ मध्ये पित्याच्या अंत्यविधीनिमित्त मुलांनी तीन जोड्या लढवल्या, ही रोममधली पहिली नोंद. मृताचे देणे फेडले मुलांनी, मान मिळाला त्यांच्या घराण्याला, रक्त सांडले ते दुसऱ्यांचे. एस्पोझितोंची मांडणी या अर्थावर उभी नाही. त्यांच्या समाजात सगळेच देणेकरी आहेत. घेणेकरी कोण, हे विचारायचे राहून जाते. हॉब्ज, रूसो, कांट यांच्याशी इतका बारकाईने वाद घालणारा माणूस हा प्रश्न ओलांडून कसा जातो?

नेपल्सच्या उत्तरेला, फार दूर नाही, प्राचीन कापुआ आहे. तिथल्या ग्लॅडिएटरांच्या तालमीतून इ.स.पू. ७३ मध्ये स्पार्टाकस आणि त्याचे सत्तरेक सोबती मुदपाकखान्यातल्या सुऱ्या घेऊन निसटले. त्यांनी मिळवली ती 'इम्युनितास' म्हणायची, की वाटेत एकमेकांच्या भरवशावर उभी केली ती 'कॉम्युनितास'? या प्रश्नासाठी मी ते पहिले पुस्तक पुन्हा काढले आहे. हॉब्जचे प्रकरण झाले, आता रूसो.