न लवणारी पापणी आणि खालची ओळ

चेहरा बहुतेकांनी पाहिलेला असतो, नाव ठाऊक नसतं. वेबकॅमला जवळजवळ नाक लावून बसलेली मुलगी, टक्क उघडे डोळे, आणि ओठांवर असं हसू की आपला मोबाइल पालथा घालून ठेवावासा वाटतो. टेक्सासमधल्या लेना मॉरिसने जून २०१२मध्ये जस्टिन बीबरच्या ‘बॉयफ्रेंड’ या गाण्याचं विडंबन यूट्यूबवर टाकलं. त्यातलं एक दृश्य थिजवून लोक त्यावर मजकूर चढवू लागले आणि ‘ओव्हरली अटॅच्ड गर्लफ्रेंड’ जन्माला आली. मराठीत तिला ‘चिकट प्रेयसी’ म्हणता येईल खरं, पण ‘गळेपडू’ हा शब्द तिच्या अंगाला जास्त नेमका बसतो.

या मीमची घडण सोपी दिसते. चित्राच्या वर एक ओळ, खाली एक. वर नैवेद्य, खाली वसुली. वरची ओळ कुठल्याही प्रेमळ माणसाच्या तोंडी शोभावी इतकी साधी हवी, आणि खालच्या ओळीने तिचा अर्थ फिरवायचा. उदाहरणं देतो, ती माझीच आहेत, तेव्हा दोषही माझेच.

‘मोबाइल हरवला म्हणालास ना?’
‘नाही हरवला.’

इथे खालच्या ओळीत धमकी नाही, आरडाओरडा नाही, एक माहिती आहे फक्त. बाकीचं काम डोळे करतात. या कलेचं सगळं मर्म मला यातच दिसतं: चित्र आधीच टोकाला गेलेलं आहे, म्हणून मजकुराने चार पावलं मागे राहायचं. बहुतेकांना हे जमलं नाही. पहिल्या लाटेत प्रियकराच्या पासवर्डपासून न झालेल्या मुलांच्या नावांपर्यंत मजेदार मागण्या झाल्या. मग जो तो आधीच्यावर कडी करू लागला आणि खालच्या ओळीत सुरी, दोरी, तळघर अवतरलं. ज्या चेहऱ्यावर सुरी आधीच दिसते आहे, तिथे ‘सुरी’ लिहिणं म्हणजे विनोद सांगून वर तो समजावून देणं.

मराठीत हे लिहिताना अडचणीही वेगळ्या आणि सोयीही. अडचण अक्षरांची. इंग्रजी मीमचा तो जाडजूड पांढरा, काळ्या कडेचा ठसा म्हणजे ‘इम्पॅक्ट’, जेफ्री ली यांनी १९६५मध्ये घडवलेला. त्यातली सगळी कॅपिटल अक्षरं ओरडतात. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, आणि काळी कड जाड केली की वेलांट्या-उकार एकमेकांत बुजतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’सारखा गुबगुबीत ठसा हाताशी आहे, पण तो ओरडत नाही, गालात हसतो. माझ्या मते या बाईला तो जास्त शोभतो.

सोय म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद. कलाटणी अगदी अखेरच्या शब्दापर्यंत झाकून ठेवता येते. शिवाय आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ निराळे आहेत. ‘तुला थोडे दिवस एकटं राहायचंय ना? / चल, आपण राहू या.’ त्या ‘आपण’मध्ये जेवढी मगरमिठी आहे तेवढी इंग्रजी ‘वी’ला कुठून आणता येणार? आश्चर्य हे की या हत्याराला मराठी मीमकारांनी फारसा हात लावलेला नाही. ते रमले आपल्या सिनेमांत. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे त्यांचं अक्षय्य पात्र. तिथे संवाद आधीच पाठ असतो. चित्र दिसलं की वाचणाऱ्याच्या कानात आवाज वाजतो. मजा येते, मलाही येते, पण ती आठवणीची मजा. कोऱ्या चेहऱ्याला नवं वाक्य देण्याचा सराव त्यात होत नाही.

आता खरी गोची. २०१२मध्ये ‘तू कुठे आहेस ते मला दिसतं’ ही अतिशयोक्ती होती. २०१४मध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, २०१७मध्ये लाइव्ह लोकेशन. गळेपडू बाईच्या मागण्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन बसल्या आणि विनोदाचं भांडवलच आटलं. तरीही एक ओळ अजून निघते:

‘पोचलास की मेसेज कर.’
‘नको करूस. पोचलास.’

हसू आलं असेल तर आता ‘पोचलास’चं ‘पोचलीस’ करून पाहा, आणि चित्रात त्या मुलीच्या जागी तसाच टक्क बघणारा पुरुष बसवा. एका वेलांटीने हसू जातं. ही ओळ मग कुणाच्या तरी घरातली होते. बाईचा संशय गंमत आणि पुरुषाचा संशय धोका, या गृहीतावर हे मीम उभं आहे. मीमकारांनी ते कधी तपासलं असं दिसत नाही, आणि पुरुषालाही अशी बाई खरोखर जाच करू शकते, हे तर अजिबातच नाही.

लेना मॉरिसने जुलै २०१९मध्ये यूट्यूब सोडलं. सोडताना आपल्या नैराश्याविषयी ती मोकळेपणाने बोलली. एप्रिल २०२१मध्ये त्या चित्राचा एनएफटी (डिजिटल मालकीचा दाखला) २०० इथर या आभासी चलनाला, म्हणजे चार लाख डॉलरांहून जास्त किमतीला विकला गेला. चेहऱ्याचं मोल चेहऱ्याच्या धनिणीला मिळालं, हे उत्तमच. पण त्या डोळ्यांना बोलतं करणारे बहुतेक सगळे निनावी राहिले. ‘द न्यूयॉर्कर’ २००५पासून दर आठवड्याला मजकुराविना व्यंगचित्र छापून वाचकांकडून ओळी मागवतं आणि जिंकणाऱ्याचं नाव-गाव छापतं. तीच कारागिरी मीमवर केली की ती कुणाचीच नसते.

अलीकडे तर मजकूर चित्राच्या बाहेर गेला आहे. वर कुणीतरी आपली हकीकत लिहितो, खाली नुसता चेहरा डकवतो. दोन ओळींची शिस्त सुटली, कलाटणीही सुटली. गेल्या काही वर्षांत या चेहऱ्यावर लिहिलेलं नवं आणि चांगलं असं माझ्या पाहण्यात आलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर पाठवा. फक्त सुरी नको.