दस्तुरखुद्द पत्राचें प्रामाण्य

मराठ्यांच्या इतिहासाचीं जीं साधनें आपण मानतों, त्यांत बखरी, शकावल्या, महजर, सनदा व हिशेब यांना आपापलें स्थान आहे. परंतु या सर्वांत पत्राचें स्थान पहिलें, हा निर्णय आतां वादाचा राहिलेला नाहीं. बखर ही प्रसंग होऊन गेल्यावर, पुष्कळदां एक-दोन पिढ्यांनीं, लिहिली जाते. पत्र हें प्रसंग चालू असतां, त्याचा शेवट काय होणार हें ठाऊक नसलेल्या माणसानें लिहिलेलें असतें. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड काढून, व वासुदेवशास्त्री खरे यांनीं त्याच सुमारास ऐतिहासिक लेखसंग्रहास आरंभ करून, हें तत्त्व महाराष्ट्राच्या गळीं उतरविलें. आज प्रश्न निराळा आहे. पत्रांतील मजकूर मोलाचा, हें सर्वांस मान्य आहे. परंतु मजकूर उतरून घेतल्यावर, किंवा यंत्रानें त्याची छबी घेतल्यावर, मूळ कागदाचें काम संपलें काय? आणि हातानें पत्र लिहिण्याची चालच जेथें मोडत आली, तेथें पुढील संशोधकाच्या हातीं काय उरणार? या दोन प्रश्नांचा विचार येथें कर्तव्य आहे.

पूर्वपक्ष प्रथम मांडणें न्याय्य होईल, आणि तो दुबळा नाहीं. संगणकीय छबी एकदां घेतली, कीं मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाहीं. भोकरसारख्या तालुक्याच्या गांवीं बसून दूरदेशींचें हस्तलिखित वाचतां येतें. फिकी पडलेली शाई पडद्यावर गडद करून पाहतां येते. कागदास वाळवी, पाऊस, आग आणि माणूस असे चार शत्रू आहेत. २००४ च्या जानेवारींत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत जी मोडतोड झाली, तिनें दुसऱ्या ठिकाणीं प्रतिकृति असणें किती अगत्याचें आहे हें सर्वांस शिकविलें. मोडी लिपीस २०१४ मध्यें युनिकोड या संकेतपद्धतींत स्थान मिळालें, हाही मोठाच लाभ होय. हे सर्व लाभ आम्ही स्वतः घेत असतों. तेव्हां छबी घेऊंच नये असें म्हणणारा आमच्या मतें जुन्या कागदांचा हितकर्ता नव्हे. वाद आहे तो पुढल्या अनुमानाशीं: छबी आहे, म्हणून मूळ नको. हें अनुमान हेत्वाभासाचें उत्तम उदाहरण आहे.

ज्यांनीं संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला आहे त्यांना मुळाचें मोल वेगळें सांगावयास नको. भांडारकर मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ मध्यें हातीं घेतली व १९६६ मध्यें पुरी केली. बाराशेंहून अधिक हस्तलिखितें त्यासाठीं तपासावीं लागलीं. इतका खटाटोप कशासाठीं? तर ग्रंथकाराच्या हातची पोथी उपलब्ध नाहीं म्हणून. आपल्या हातीं असते ती प्रतीची प्रत आणि तिची प्रत. लेखकूगणिक पाठ बदलतो, समासांतील टीप मजकुरांत शिरते, आणि मूळ काय असावें याचा तर्क करीत विद्वानांच्या दोन पिढ्या खर्ची पडतात. पत्राच्या बाबतींत मात्र दैवानें आपणांवर अनुग्रह केला आहे. दोनशें वर्षांपूर्वीं ज्या कागदावर बोरू चालला तोच कागद आपल्यापुढें असतो. असें मूळ हातीं असतां केवळ प्रतीवर समाधान मानणें, म्हणजे महाभारताच्या संपादकांस जें मिळूं शकलें नाहीं तें मिळाल्यावर गोदावरींत टाकून देणें होय.

आतां मूळ कागद मजकुराहून अधिक असें काय सांगतो तें पाहूं. दरबारी पत्र बहुधा कारकुनाच्या हातचें असे. धनी त्यावर मोर्तब करी, आणि विषय नाजूक असला तर शेवटीं स्वहस्तें दोन ओळी वाढवी. पुष्कळदां पत्राचें सार त्या दोन ओळींतच असतें. वरील मजकूर ही रीत झाली. छापील ग्रंथांत कारकुनाचा व धन्याचा हात एकाच खिळ्यांत बसतो, आणि संपादकानें टीप दिली नसेल तर हा भेद कायमचा बुजतो. शिवछत्रपतींच्या पत्राच्या शेवटीं ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उठविलेली असे. पत्राची मर्यादा येथें संपली, यापुढील अक्षर आमचें नव्हे, असा तिचा अर्थ. ती मुद्रा नेमकी कोणत्या ओळीलगत आहे, तिच्याखालीं कांहीं घुसडलें आहे काय, हें पाहूनच कागदाचा खरेखोटेपणा ठरतो. आपल्या भाषेनें तर या बाबतींत एक साक्ष जपूनच ठेवली आहे. ‘दस्तुरखुद्द’ म्हणजे स्वतःच्या हस्ताक्षरांतला. हा शब्द पुढें ‘जातीनें, स्वतः’ या अर्थानें रूढ झाला. माणसाचें अक्षर म्हणजेच तो माणूस, असें आपल्या पूर्वजांनीं मानलें, आणि व्यवहारांत तसा कौल दिला.

मोडीच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. आधीं ओळीची रेघ ओढावी आणि तिला लटकत, बोरू शक्य तितका न उचलतां, अक्षरें लिहीत जावें, ही तिची पद्धति. ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नाहीं, शब्द तोडलेले नाहींत. त्यामुळें मोडी वाचणें म्हणजे लिपी वाचणें नव्हे, हात वाचणें होय. एकाच दफ्तरांतील शंभर कागद पाहिल्यावर कारकुनांचे हात ओळखूं येतात, आणि मग तारीख नसलेलें पत्रही अमक्या कारकुनाच्या काळचें, असें सांगतां येतें. कागदही बोलतो. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यांत हातकागद होत असे. त्याचा पोत वेगळा, आणि जलचिन्ह असलेल्या विलायती कागदाचा वेगळा. तो उजेडासमोर धरल्यावांचून कळत नाहीं, आणि छबी उजेडासमोर धरतां येत नाहीं.

हा केवळ तर्क नव्हे. आमच्या तालुक्यांतील एका जुन्या वतनदार घराण्यांत मोडी कागदांचा एक रुमाल होता. घराचें नांव देण्याचें कारण नाहीं. घरांतील एका तरुणानें भ्रमणध्वनीवर सर्व कागदांच्या छब्या मोठ्या हौसेनें घेतल्या, आणि आतां काम झालें असें समजून वडील मंडळींनीं जीर्ण कागद नदींत विसर्जित केले. त्या छब्या आम्हीं पाहिल्या. त्यांत एका पत्रांत, नवाबाची स्वारी माघारीं येत आहे, दाणावैरणीची तजवीज ठेवावी, अशा आशयाचा मजकूर आहे. खालीं ‘छ ५ रमजान’ एवढीच मिति, साल नाहीं. नवाबाची माघार उदगीरच्या लढाईनंतरची, म्हणजे १७६० ची, कीं खर्ड्याच्या लढाईनंतरची, म्हणजे १७९५ ची? उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० ची व खर्ड्याची ११ मार्च १७९५ ची. दोन्ही वर्षीं रमजानचा महिना लढाईनंतर तीन महिन्यांच्या आंतच लागतो. ज्यास पत्र लिहिलें त्याच्या नांवावरून निर्णय व्हावा, तर आजोबाचेंच नांव नातवास ठेवण्याची आपली चाल आड येते. असें पत्र आलें म्हणजे दफ्तरदार त्याच्या पाठीवर पोंचल्याची मिति व साल टिपून ठेवी. निर्णय तेथें होता. परंतु त्या तरुणानें कागदांच्या पाठी घेतल्याच नव्हत्या. त्या कोऱ्या दिसल्या, किंवा मजकूर क्षुल्लक वाटला. आमच्या परगण्याच्या इतिहासांतील पस्तीस वर्षांचें अंतर असें पाण्यांत गेलें. त्या मुलास दोष देण्यांत अर्थ नाहीं. पाठ पाहावी हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें.

उदगीरचा उल्लेख आला आहे तेव्हां आणखी एक मुद्दा सांगणें जरूर आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दफ्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिलाच खंड उदगीरच्या लढाईचा आहे, ही गोष्ट आम्हां मराठवाड्याच्या लोकांस अभिमानाची वाटते. परंतु ते खंड म्हणजे हजारों रुमालांतून केलेली निवड आहे, आणि निवडणाराची दृष्टि मुख्यतः राजकारणावर होती. उद्यां कोणी धारणेचे भाव, विहिरींचें पाणी किंवा जासुदांचे वेग यांचा शोध घेऊं लागला, तर त्यास मूळ रुमालांकडेच वळलें पाहिजे. प्रत्येक पिढी कागदास नवा प्रश्न विचारते. छापील ग्रंथ व छबी हीं आपल्या पिढीच्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. मूळ कागद हा पुढल्या पिढीच्या प्रश्नांसाठीं राखलेला साक्षीदार आहे.

छबी तरी चिरस्थायी आहे काय? २०२३ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला, आणि तेथील हस्तलिखितांच्या छब्या जगाला कित्येक महिने पाहतां आल्या नाहींत. मूळ पोथ्या मात्र आपल्या कपाटांत स्वस्थ होत्या. यावरून छबी टाकाऊ ठरत नाहीं. मूळ व छबी एकमेकांचीं जामीन आहेत, एकमेकांचे वारस नव्हेत, इतकेंच ठरतें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. हिंदुस्थानांत टपालाचें कार्ड १८७९ मध्यें सुरू झालें, आणि गरिबाच्या घरींही दफ्तर जमूं लागलें. तारेची सेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली. टपाल चालू आहे. परंतु आमच्या दारीं त्यांतून येतात त्या बहुतेक छापील नोटिसा. खुशालीचा मजकूर यंत्रावरून जातो. त्यावर वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली असते, हें खरें. पण ती यंत्राची नोंद होय. खोडलेला शब्द तेथें दिसत नाहीं, थरथरलेला हात दिसत नाहीं, आणि एकाचा मजकूर दहा जणांनीं पुढें धाडला म्हणजे मूळ लिहिणारा कोण हेंही नाहींसें होतें. याहून मोठा भेद सांठ्याचा आहे. पत्र लिहिणाराजवळ राहत नाहीं, ज्यास लिहिलें त्याच्या घरीं राहतें. म्हणूनच मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणाऱ्या खरेशास्त्र्यांस पटवर्धनांच्या एका दफ्तरांत साऱ्या मराठी राज्याच्या हालचाली सांपडल्या. आजचा संदेश दोघांच्याही घरीं नसतो. तो तिऱ्हाईताच्या यंत्रांत असतो, आणि यंत्र बदललें कीं किल्ली हरवते.

एवढें सांगितल्यावर आमच्याच वर्गास दोन शब्द न सांगणें पक्षपाताचें होईल. मूळ कागद जपण्याचा टेंभा मिरविणारे कित्येक संग्राहक शिक्का तेवढा कापून घेतात, मोहोरेचें पत्र विकत घेऊन बाकीचा रुमाल रद्दीवाल्यास सोडतात, किंवा कागदास कायमचें प्लॅस्टिकचें वेष्टण चिकटवून त्यास आंतल्या आंत कोंडतात. रुमालांतील कागदांचा क्रम हाही पुरावाच आहे. तो मोडणें म्हणजे पोथीचीं पानें उधळणें होय. यंत्रानें जितके कागद मेले नसतील तितके अशा प्रेमानें मेले असतील.

तेव्हां सभासदांस सूचना इतक्याच. ज्या घरीं रुमाल असेल तेथें प्रथम क्रम टिपून घ्यावा. मग प्रत्येक कागदाची पुढील व मागील बाजू, घड्या व कडा यांसह, छबींत घ्यावी, पाठ कोरी दिसली तरी घ्यावी. आणि मूळ कागद सुती कापडांत बांधून कोरड्या जागीं परत ठेवावा. मराठवाड्यांत एकाच रुमालांत मोडी, फार्सी व उर्दू असे तीनही कागद सांपडतात. निलंग्यास जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे बहुभाषी अभ्यासक गांवोगांवीं नसतात. म्हणून जें वाचतां येत नाहीं तें निरुपयोगी समजून वेगळें काढूं नये. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनीं वर्षांतून चार पत्रें तरी स्वहस्तें, गांव, तिथि व साल घालून लिहावीं. त्यांत राजकारण नसलें तरी चालेल. पाऊस, पीक, लग्नाचा खर्च आणि घरच्यांची प्रकृति एवढें असलें तरी पुरे. आपण ज्या पत्रांचे रुमाल सोडतों तींही लिहिणाराच्या मतें साधींच पत्रें होतीं. इत्यलम्.